मशीन तिचं, मग हात कुणाचा?

२००४ च्या मे महिन्यात, कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी, तांड्यावरच्या एका बाईवर कॉम्प्युटरच्या दुकानात अन्याय झाला. मी तिथंच होतो. तिचं नाव मला आजही माहीत नाही. लग्नांचे व्हिडिओ जोडून ती घर चालवायची. जुनं मशीन रेंगाळायचं, म्हणून प्रोसेसरचा वेग वाढवायला ती शिकत होती. वेग वाढला की प्रोसेसर तापतो, म्हणून आधी मोठा पंखा बसवायला तिनं त्या दिवशी मशीन दुकानात आणलं होतं. पंखा बसला, तशी ती दुकानदाराला म्हणाली,

"एकच पायरी वाढवा भाऊ. गरम किती होतंय ते बघू, मंग पुढची."

"तुमी भाकरी थापा, बाई!" दुकानदार हसला आणि त्यानं वेग एका दमात वर नेला. स्क्रीन काळी पडली.

तिनं पदराला हात पुसून पेचकस मागितला. "आतला सेल काढला की जुना वेग येतो. जळालं तर माझं काम बसलं."

"बाईमाणसाला न्हाई देत."

"द्या की! मशीन तिचंय!" मी ओरडलो. तो हलला नाही.

तिनं वायर काढली, पंख्यासाठी उघडलेल्या मशीनमधला सेल केसातल्या पिनेनं काढला आणि जरा वेळ थांबली. सेल परत बसवला, वायर जोडली. स्क्रीन उजळली.

"भाकर तरी तवा बघूनच टाकतो आमी," ती म्हणाली.

दुकानदारांनो, क्लासवाल्यांनो, बाई शिकायला आली तर पेचकस तिच्या हातात द्या, आणि बाजूला व्हा.