वैशालीला आमचा जाहीर पाठिंबा

गळ्याशपथ सांगतो, यातलं अक्षर न अक्षर खरं आहे. इंग्लंडातल्या आमच्या मेडनहेडमध्ये मला ओळखणारा माणूस हे वाक्य ऐकलं की हातातला कप खाली ठेवतो आणि हसायच्या तयारीला लागतो, ते सोडा. या वेळी खरंच खरं. बॅनर वीस फुटी होता. बरं, बारा. टेप लावून मोजला नव्हता हो, पण समोरून जाणाऱ्या बसमधून वाचता येत होता, एवढं नक्की. आणि त्यावर चेहरे होते त्रेसष्ट. हा आकडा मात्र पक्का, कारण तो मला नंतर खूप वेळा ऐकवला गेला.

माती मी आयुष्यात पुष्कळदा खाल्ली आहे, पण दर वेळी स्वतःपुरती. या वेळी दुसऱ्याच्या ताटात वाढली.

आता काय झालं ते ऐका. आमचा मुलगा अर्णव जातो त्या इथल्या शाळेला एक बोर्ड असतं, त्यात पालकांमधून निवडून दिलेला एखादा गव्हर्नर असतो. नाव भारदस्त, काम अगदी रूक्ष! पगार नाही, गाडी नाही. संध्याकाळी गारठलेल्या हॉलमध्ये बसायचं, एक बिस्कीट खायचं आणि शाळेच्या कागदपत्रांवर प्रश्न विचारायचे. जागा रिकामी झाली की ऑफिसातून सगळ्या पालकांना इमेल येतो आणि सगळे पालक तो डिलीट करतात. त्या वर्षी मात्र दोघं उभी राहिली. एक ग्रॅहम नावाचा उंच, अबोल गृहस्थ. दुसरी आमची वैशाली.

वैशाली मूळची नागपूरची. रेडिंगच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, आमच्या मागच्याच रस्त्यावर राहते, मला दादा म्हणते. तिची लेक इरा आठ वर्षांची. पोरगी बोलायला लागली की थांबत नाही, पण वाचायला बसली की अक्षरं तिच्यासमोरून जागा सोडून पळतात. शाळेत एक एवढीशी खोली होती. आठवड्यातून तीन दिवस सकाळी एक टीचिंग असिस्टंट बाई अशा पाच-सहा मुलांना घेऊन तिथे बसायच्या. इराने त्या खोलीत पहिलं पुस्तक एकटीने वाचलं, त्या दिवशी वैशालीने आम्हा सगळ्यांना घरी बोलावून श्रीखंड वाढलं होतं.

आणि आता ती खोली बंद करायचं घाटत होतं. निर्णय बोर्ड घेणार होतं.

"दादा, मला हौस नाही रे कशाची," वैशाली म्हणाली. "फक्त ते ठरेल तेव्हा त्या टेबलाशी मला बसायचंय."

"बसवतो तुला! तू काही करू नकोस, सगळं माझ्यावर सोड."

माझ्या तोंडून हे वाक्य कधी ऐकलंत, तर आहात तिथून पळा.

तशी तिची स्वतःची एक पद्धत होती. रोज सकाळी स्कूल गेटवर एकेका आईला गाठायचं, आधी तिच्या मुलाची चौकशी करायची, मग हळूच त्या खोलीबद्दल सांगायचं. रोज दोघी-तिघी. सहा आठवडे. मला ते बघवेना. हे काय इलेक्शन झालं? हे तर भिशीला माणसं जमवण्यासारखं!

मी वाढलो पुण्यात, जिथे फ्लेक्समुळे चौकातला सिग्नल दिसायचा नाही. माणूस उभा राहिला म्हणजे मधोमध त्याचा भलामोठा फोटो, वर मोठ्या लोकांचे चेहरे गोलात, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. आणि शुभेच्छुकाला कधी कुणी विचारलंय का, की बाबा, तुझा फोटो लावू का? अहो, न विचारता लागतो यातच मान असतो! भांडायला येतो तो ज्याचा लागत नाही तो.

मी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: वैशालीताईंना जाहीर पाठिंबा! आपापले फोटो पाठवा!

झालं. एरवी गणपतीच्या आरतीला कोण किती वाजता येणार, याचं उत्तर न देणारे लोक दहा मिनिटांत फोटो पाठवू लागले. लंडनच्या एजवेअरहून आपटेकाकांचा फोन. काका मंडळाचे माजी अध्यक्ष, वय पंचाहत्तर.

"मिलिंद, माझा फोटो गोलात हवा. चौकोनात नको."

"काका, पण तुमचं या शाळेत कुणी..."

"माझी नातवंडं युनिव्हर्सिटीत आहेत. मग? पाठिंब्याला वयाची अट आहे का?"

"तसं नाही, पण मत..."

"मत नंतर बघू. गोल पक्का ना?"

क्रॉयडनच्या ढोल पथकाने सरळ ग्रुप फोटो पाठवला. बावीस फेटे, बावीस गॉगल, एकाचाही चेहरा ओळखू येईना. मी ते बावीस वेगवेगळे कापून लावले. मग आमच्या शेजारच्या गावातल्या मृणालचा मेसेज: "आमच्या ह्यांना दुसऱ्या ओळीत टाकलंस आणि त्या गोखल्यांना पहिल्या? बरं बरं. कळलं." त्या 'कळलं'ला मी इतका घाबरलो की गोखल्यांना सरळ कोपऱ्यात ढकललं. मग गोखले रुसले.

माझी बायको अनघा खांद्यावरून डोकावली. "यातल्या कितींची मुलं आहेत रे त्या शाळेत?"

"तू मोजत बसू नकोस. वातावरण बघ, वातावरण!"

तिने वातावरण बघितलं आणि ती भाजी चिरायला निघून गेली.

पण मलाही एक गोष्ट खटकत होती. सगळे आपलेच! इथले कुणीच नाहीत! शाळेच्या वेबसाइटवर हेडटीचर बाईंचा छान हसरा फोटो होता. उचलला. शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या डोरीनबाईंचा फोटो गावाच्या फेसबुक पेजवर होता. तोही उचलला. दोघींना सगळ्यात वर, सोनेरी गोलात. आपटेकाकांच्या शेजारी.

मधला फोटो वैशालीचा. आपल्याकडे नेता म्हटला की मोबाइल कानाला हवाच. तसा तिचा एक फोटो माझ्याकडे होता. इथल्या डॉक्टरची, म्हणजे जीपीची, अपॉइंटमेंट मिळवण्यासाठी फोनवर पाऊण तास ताटकळल्यावरचा तो चेहरा. फ्लेक्सवर फारच कणखर दिसत होता! आणि त्याखाली, इंग्रज मतदारांसाठी खास माझ्या इंग्रजीत: टफ लीडर. लाउड व्हॉइस.

वैशालीला दाखवला का? छे! सरप्राइज होतं.

सोमवारी सकाळी गेटसमोरच्या रेलिंगला मी तो बांधला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितला. डोळे भरून आले हो माझे! पुण्याचा चौक आठवला.

पावणेनऊला वैशाली इराचा हात धरून आली आणि फुटपाथवरच थबकली. इरा बॅनरसमोर जाऊन उभी राहिली. बोट हवेत धरून एकेक अक्षर जुळवत मोठ्याने म्हणाली, "टफ... ली... लीडर! आई, मी वाचलं! आई, तू लीडर आहे?"

"इकडे ये," वैशाली म्हणाली. एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही.

रस्त्याच्या मधोमध हातात 'थांबा'च्या पाटीची काठी घेऊन उभ्या असलेल्या डोरीनबाई ओरडल्या, "इज दॅट मी?" गाड्या दोन्हीकडे थांबलेल्या, मुलं केव्हाच पलीकडे गेलेली, बाई तिथेच. "हू पुट मी अप देअर?"

पाच मिनिटांत हेडटीचर बाहेर.

"मिस्टर साठे, माझा फोटो तुमच्या बॅनरवर आहे."

"येस! अगदी वर! मानाची जागा!"

"पण ही निवडणूक मी घेते आहे, मिस्टर साठे."

आता सांगा, मला काय माहीत? आपल्याकडे जो तो कुणाच्या तरी बाजूने असतोच. म्हणजे झालं असं, की मी अंपायरचा फोटो एका टीमच्या शर्टावर छापला होता. मी बाईंना मान म्हणजे काय ते इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्या शांतपणे ऐकत होत्या. इथली माणसं शांतपणे ऐकायला लागली की समजावं, आपलं काही खरं नाही.

दुपारी सगळ्या पालकांना इमेल गेला. शाळेचा कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा नाही. कर्मचाऱ्यांचे फोटो परवानगीशिवाय वापरले गेले आहेत. संबंधित उमेदवाराशी याबाबत बोलणं झालं आहे.

उमेदवाराशी! माझ्याशी नव्हे. माझं नावच नाही त्यात.

दुसऱ्या दिवसापासून गेटवरच्या बायका वैशालीकडे बघून गोड हसायला आणि लगेच फोनमध्ये बघायला लागल्या. भांडण नाही, तंटा नाही. एकजण फक्त म्हणाली, "दॅट वॉज क्वाइट अ बॅनर." सहा आठवड्यांचं काम त्या एका वाक्यात गेलं.

पण त्याआधी, सोमवारी संध्याकाळीच वैशाली आमच्या दारात उभी होती. कोटसुद्धा काढला नाही.

"दादा, तुला कुणी सांगितलं होतं हे?"

"अगं, पाठिंबा दिसायला नको का लोकांना?"

"कुणाचा? आपटेकाकांचा? ढोलवाल्यांचा? त्रेसष्ट चेहरे, दादा! त्यातल्या किती जणांना मत आहे?"

"वातावरण..."

"नऊ. मी मोजले. नऊ जणांना." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी एकेका बाईशी बोलले होते रे. त्यातल्या एकीलाही माझा आवाज मोठा वाटला नव्हता."

अनघा आतून बाहेर आली, तिने वैशालीच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या खांद्यावर कुणी ठेवला नाही.

मतपत्रिका मुलांच्या बुक बॅगमधून घरी येतात. खूण करायची, पाकिटात घालायची, शाळेच्या ऑफिसातल्या पेटीत टाकायची. पाकिटावर नाव नाही, सही नाही. जाहीर पाठिंबा देणाऱ्या त्या नऊ जणांपैकी दोघे पुण्याला लग्नाला गेले, एकाने पाकीट टाकायचं राहिलं म्हणून कळवलं, आणि रुसलेल्या गोखल्यांचं मला अजून कळलेलं नाही.

वैशाली दोन मतांनी हरली.

खोली बंद झाली. आता तिथे फोटोकॉपीचं मशीन आणि मुलांच्या हरवलेल्या जाकिटांचा ढीग आहे. इराला आता वैशाली स्वतःच घेऊन बसते, रोज पहाटे, कामावर निघायच्या आधी. पोरगी अर्धवट झोपेत वाचते.

निकालानंतर आठवडाभर मला अन्न गोड लागेना. शेवटी गेलो तिच्याकडे. म्हटलं, एक सांगायचंय. आमच्या अर्णवच्या बॅगेत मतपत्रिका तशीच राहिली होती, तळाला, एका काळ्या पडलेल्या केळ्याला चिकटून. निकालानंतर सापडली. सगळ्या जगाचा पाठिंबा गोळा करत फिरलो आणि स्वतःचंच मत द्यायचं राहिलं!

वैशालीने कपाळावर हात मारला. मग हसलीच. किती दिवसांनी!

"केळ्याला? दादा, तू खरंच..." तिने डोळे पुसले. "जाऊ दे रे. तुझं एक आलं असतं तरी मी एका मताने हरलेच असते. बस, चहा टाकते."

पुढे मंडळात तीच सगळ्यांना हा किस्सा सांगू लागली. केळ्याशी आली की लोक पोट धरून हसतात.

आता मघाशी शपथ घेतली आहे, म्हणून सांगून टाकतो. केळं मी रचलं.

मतपत्रिका हरवली नव्हती. त्या सोमवारी इमेल गेल्यावर मी एकटाच रेलिंगवरून बॅनर सोडवत होतो. वाऱ्याने तो सारखा तोंडावर येत होता. ग्रॅहम तिथून चालला होता. थांबला, त्याने दुसरं टोक धरलं आणि चादरीसारखी माझ्याबरोबर घडी घातली. मग म्हणाला, "फार सुंदर काम आहे. सगळं तुम्ही एकट्याने केलंत?"

त्रेसष्ट जणांपैकी एकानेही मला हे विचारलं नव्हतं. आणि त्याच संध्याकाळी वैशाली दारात उभं राहून, कोट न काढता, मला बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खूण केली, पाकीट चिकटवलं, पेटीत टाकलं. ग्रॅहम दोन मतांनी जिंकला. माझं एक त्याच्याकडून काढून हिच्याकडे ठेवा आणि बघा किती उरतात ते.

चहा मात्र खरा. दोन कप प्यायलो मी.