उजव्या हाताचं माप

ऑर्व्हल ह्रुस्का बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, खांद्यांकडे बघतो. नवख्याला वाटतं, हा आपल्या मागे कुणाला तरी शोधतोय. तसं काही नसतं. तुमचा कोणता खांदा खाली आहे, एवढंच तो बघत असतो. आमच्या गावात त्याने त्रेचाळीस वर्षं पुरुषांचे सूट शिवले, उसवले आणि सैल केले. देवाने आजवर दोन्ही हात सारखे असलेला माणूस घडवलेला नाही, असं त्याचं ठाम मत आहे. रविवारी चर्चमध्ये त्याचं सगळं लक्ष पाद्रीबाबांच्या डाव्या बाहीवर असतं. प्रवचन कशावर झालं, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

मी मार्लिस. इथल्या कॉलेजच्या फूटबॉल ऑफिसात बावीस वर्षं टायपिंग आणि फोन सांभाळते आहे. आमचा फूटबॉल हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. नेब्रास्कात दुसरा कुठला कुणी खेळत नाही. त्यात पुढच्या रांगेत पाच धिप्पाड गडी असतात. चेंडू त्यांच्या वाट्याला कधी येत नाही. मागे उभा असलेला आपला चेंडूफेक्या आहे ना, त्याच्या अंगावर कुणी धावून येऊ नये एवढंच त्यांनी बघायचं. टाळ्या त्याला मिळतात, मार हे खातात. रांगेच्या डाव्या टोकाचा गडी सगळ्यात महत्त्वाचा, कारण चेंडूफेक्याची पाठ त्या बाजूला असते आणि येणारा त्याला दिसत नाही.

या पाच जणांमुळेच ऑर्व्हल आमच्याकडे आला. परगावच्या सामन्यांना जाताना घालायचे संघाचे कोट कुठल्याच दुकानात या पोरांच्या मापाचे मिळेनात, तेव्हा ते त्याच्याकडून शिवून घेतले. कॉलेजच्या माणसाने घेतलेली मापं आणि त्याने घेतलेली मापं यांत कुठे कुठे एक इंचाचा फरक निघाला, आणि कोट बसले ते ऑर्व्हलच्या मापाने. तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, सगळी मापं त्यानेच घ्यायची असं ठरून गेलं.

दर मार्चमध्ये व्यावसायिक संघांचे पारखी आमच्याकडे येतात. एप्रिलअखेर ड्राफ्ट असतो, त्यात हे संघ पाळीपाळीने पोरं निवडतात, आणि त्याआधी त्यांना सगळं मोजून हवं असतं. पोरं उघड्या अंगाने ओळीत उभी राहतात. ऑर्व्हल अंगठ्याने खांद्याच्या टोकाचं हाड चाचपतो, पोराला हात वरखाली करायला लावतो, हाडावर शिंप्याच्या खडूने रेघ मारतो आणि तिथपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावतो. मग आकडा पुकारतो: आधी इंच, मग इंचाचे आठवे भाग. ‘चौतीस, दोन’ म्हणजे चौतीस पूर्णांक दोन अष्टमांश. तो आकडा मी एकदा मोठ्याने म्हणायचा, की सगळे लिहून घेतात. मी म्हटलं की तो पक्का झाला. पुन्हा मोजणं नाही, पुन्हा पुकारणं नाही. कागदावर हातासाठी चौकोन एकच असतो, आणि मोजायचा तो उजवा हात.

उजवाच का, हे ऑर्व्हल दर वर्षी विचारतो. बर्टेल्सन नावाचे म्हातारे पारखी आहेत, तेवीस वर्षं येताहेत. त्यांनी एकदा सांगितलं की आमच्या आधीच्यांनी उजवा मोजला म्हणून आम्हीही उजवा मोजतो. मग धावून येणाऱ्याला लांबच अडवायला डाव्या टोकाच्या गड्याचा हात तेहतीस इंचांच्या वर हवा, हे कुणी ठरवलं, असं ऑर्व्हलने विचारलं. बत्तीस का नाही? बर्टेल्सननी खसखस भरलेलं कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचा छोटा गोड पाव, तोंडात टाकलं. हे कोलाचे ऑर्व्हलच्या बायकोच्या हातचे. ती गेल्यापासून तो स्वतः करतो आणि मापांच्या दिवशी डबा भरून आणतो. पारखी निम्मे त्यासाठीच येतात असा माझा संशय आहे.

आता लेन पाव्हलिकबद्दल. इथून नऊ मैलांवरच्या शेतावरचा, सहा फूट पाच इंचांचा पोरगा. चार वर्षं तो आमच्या डाव्या टोकाला उभा राहिला, आणि शेवटच्या दोन वर्षांत त्याच्या बाजूने आमच्या चेंडूफेक्यापर्यंत एकही माणूस पोचला नाही. एकही नाही. मी स्वतः मोजलंय. आमच्या गावातून आजवर कुणीही व्यावसायिक संघात गेलेलं नाही, त्यामुळे सलूनवाल्यापासून धान्याच्या कोठारावरच्या माणसापर्यंत सगळ्यांना लेनच्या हाताची लांबी तोंडपाठ होती: तेहतीस, दोन. तो पहिल्या वर्षाला आला तेव्हा ऑर्व्हलने मोजली होती आणि मी टाइप केली होती.

जानेवारीत निवडक पोरांचं शिबिर भरलं. तिथे लेनचा हात भरला बत्तीस, पाच.

गावात हाहाकार उडाला म्हटलं तरी चालेल. टीव्हीवर एक टाय लावलेला माणूस म्हणाला की पोरगा चांगला आहे, पण हात आखूड, त्याला रांगेत आत घ्यावा लागेल. आत म्हणजे कमी मोलाची जागा, आणि आमच्यासारख्या लहान कॉलेजच्या पोराला आतल्या जागेसाठी कुणी घेईल याचा भरवसा नाही. आमचे कोच रीमर सगळ्यांना सांगत सुटले की त्यांची टेप चुकली असणार, मार्चमध्ये आमचा ऑर्व्हल काय ते दाखवील.

मापांच्या आठ दिवस आधी ऑर्व्हल माझ्या ऑफिसात आला. हातात दुकानातली जुनी वही होती. त्याने ती माझ्यासमोर उघडली आणि कोटाच्या मापांत लेनच्या नावापुढे बोट ठेवलं. उजवी बाही डावीपेक्षा पाच आठवे आखूड.

“तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. आठवतं तुला?” त्याने विचारलं.

मला आठवलं. ऑगस्ट होता, आणि गुरांच्या फाटकात त्याचा हात सापडला होता. प्लास्टरमुळे ऑर्व्हलने डावा हात मोजला, आणि चौकोन एकच असल्यामुळे मी त्यात तेहतीस, दोन टाइप केलं. डावा असं लिहायला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते सुचलंही नाही. पुढे दोन वर्षांनी ऑर्व्हलने त्याच पोराला कोट शिवला, बाह्या कमीजास्त केल्या, तरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दुकानातला ऑर्व्हल आणि कॉलेजातला ऑर्व्हल यांची कधी गाठच पडली नव्हती.

“मग आता?” मी विचारलं.

“आता उजवा मोजायचा.”

“ऑर्व्हल, अंगठा जरासा वर धरलास तर कुणाच्या बापाला कळणार आहे?”

तो माझ्यावर रागावला नाही. कोचही सकाळी हेच म्हणाले, एवढंच म्हणाला. मग वही मिटून लेनच्या फोटोकडे वळला. तो माझ्या भिंतीवर लावलेला आहे. त्याला एकच गोष्ट सुटत नव्हती. हात जर आखूड आहे, तर या पोराच्या बाजूने कुणी आत शिरलं कसं नाही? तेहतीसचा नियम खोटा आहे, की पोरगा दुसरंच काहीतरी करतोय, आणि करतोय तर नेमकं काय? मला त्याचा संताप आला. पोराचं आयुष्य टांगणीला लागलेलं, आणि ह्याला कोडी सोडवायचीत. त्याच्या जागी मी असते तर खोटं बोलले असते, आणि रात्री गाढ झोपले असते.

मापांच्या दिवशी चौदा पारखी आले. लेनचा नंबर सहावा होता. त्याची आई दाराशी उभी होती, हातमोजे हातातच चुरगाळत. कोच भिंतीला टेकून छताकडे बघत होते.

ऑर्व्हलने खांद्याचं हाड चाचपलं. एरवी तो एकदा चाचपतो, त्या दिवशी तीनदा चाचपलं. रेघ मारली, टेप लावली, चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघितलं.

“बत्तीस, पाच.”

मी तो आकडा म्हटला नाही. मी म्हटल्याशिवाय आकडा पक्का होत नाही, आणि मला तो पक्का करायचा नव्हता. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चौदा पेन्सिली थांबल्या होत्या आणि लेन माझ्याकडे बघत होता. शेवटी बर्टेल्सन हळूच म्हणाले, “बाई, आकडा म्हणा.”

मी म्हटलं. “बत्तीस, पाच.” पेन्सिली चालल्या. लेनच्या आईने हातमोजे घातले.

पण ऑर्व्हलने टेप गुंडाळली नाही. तो लेनच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि डावा हात मोजला. पुढच्या बाकावरचा एक तरुण पारखी म्हणाला की डाव्याला चौकोन नाही. मग समासात लिही, असं ऑर्व्हलने त्याला सांगितलं आणि पुकारलं, “तेहतीस, दोन.” या वेळी मी तोच आकडा इतक्या जोरात म्हटला की कोच दचकले.

नंतर ऑर्व्हल बोलला. मापांच्या खोलीत मी त्याला आकड्यांपलीकडे बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “चार वर्षांपूर्वी मी याचा डावा हात मोजला आणि तो उजवा म्हणून नोंदला गेला. चूक माझी आहे, पोराची नाही. याला डाव्या टोकाला उभं केलं ते माझ्या चुकीमुळे. तिथे त्याने काय केलं ते तुम्ही बघितलंय.”

बर्टेल्सननी कोचना विचारलं की खरं माप तेव्हा कळलं असतं तर याला कुठे उभं केलं असतं. कोच रीमर सरळ माणूस आहे, अंगठ्याची गोष्ट सोडली तर. त्यांनी मान खाली घातली आणि “आत,” म्हणाले.

पुढचे काही आठवडे गावाने ऑर्व्हलशी नीट बोलणं टाकलं. सलूनमध्ये त्याची पाळी आली की न्हाव्याला नेमकं काहीतरी काम निघायचं. तो जाऊन बसायचा, वाट बघायचा, आणि न्हाव्याचा खांदा न्याहाळायचा.

ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, सातपैकी सहाव्या फेरीत लेनचं नाव आलं. बर्टेल्सनांच्याच संघाने घेतला, पण आतल्या जागेसाठी. डाव्या टोकासाठी घेतला असता तर दुसऱ्या फेरीत गेला असता असं सगळे म्हणतात. मी कोठारावर इतरांबरोबर टीव्ही बघत होते. ओरडले, रडले, आणि ऑर्व्हलचा राग आला तो आलाच.

सोमवारी लेन संघाकडे जाण्यासाठी शिवून ठेवलेला सूट घ्यायला ऑर्व्हलच्या दुकानात आला. कोचनी त्याच्यासाठी दिलेले कागद घेऊन मीही गेले होते. ऑर्व्हलने त्याला आरशासमोर उभं केलं. दोन्ही मनगटांवर बाही अगदी सारखी येत होती. फरक कुठे गेला ते शोधून सापडत नव्हतं.

“मिस्टर ह्रुस्का,” लेन आरशात बघतच म्हणाला, “चूक तुमची नव्हती. प्लास्टर निघालं की परत ये, असं तुम्ही त्या दिवशी मला सांगितलं होतंत. मी मुद्दाम आलो नाही. नऊ वर्षांचा असताना मी गवताच्या माळ्यावरून पडलो होतो, तेव्हापासून उजवा आखूड आहे. मला माहीत होतं.”

चौदा जणांसमोर ऑर्व्हलने चूक आपल्या अंगावर घेतली, आणि हा पोरगा तिथे गप्प उभा राहिला. दोन सणसणीत शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण ऑर्व्हलचा चेहरा बघितला आणि गिळून टाकले. तो रागावला नव्हता. तो पुढे झुकला होता, सापडलं म्हणून खुललेला.

“मग चार वर्षं निभावलंस कसं?” त्याने विचारलं.

“रोज वाटायचं, आज कुणाला तरी कळणार. हात आधी पोचणार नाही म्हणून मी पाय आधी टाकायचो. समोरचा हलायच्या आत. शेतावर गुरांना आडवं जाऊन जाऊन सवय झाली होती. हाताची लांबी खरी असती तर मी पायाच्या भानगडीत पडलोच नसतो.” मग त्याने ऑर्व्हलकडे वळून म्हटलं, “त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मला माफ करा.”

“पाय,” ऑर्व्हल म्हणाला. माफीचं त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. “पाय तर कुणी मोजतच नाही.”

त्याने कापण्याचं टेबल भिंतीकडे ढकललं, जमिनीवर खडूने एक रेघ मारली आणि नव्या कोऱ्या सुटातल्या लेनला तिच्यामागे उभं केलं. मग “टाक,” म्हणाला.

मी तो पाय पडताना बघितलाच नाही. आधी इथे होता, मग तिथे होता. सत्त्याहत्तर वर्षांचा ऑर्व्हल गुडघ्यांवर बसला, रेघेपासून बुटाच्या टोकापर्यंत टेप लावली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“चौतीस, सहा.”

तो वर माझ्याकडे बघत थांबला. दुकानात पारखी नव्हते, पेन्सिली नव्हत्या, चौकोन तर नव्हताच. पण मी म्हटल्याशिवाय आकडा पक्का होत नाही.

“चौतीस, सहा,” मी म्हटलं.