मी जास्तीची भरलेली टिंबं

आमच्या डॉक्टरबाई नसत्या तर मी नगरात टिकले नसते, हे आधी सांगते, बाकीचं मग. सातवीत शाळा सोडून कोकणातून इतक्या लांब आलेली, दवाखान्यात फरशी पुसणारी बाई मी. त्यांनी माझ्या हातात पेन्सिल आणि घड्याळ दिलं.

बाई मेंदूवर संशोधन करायच्या. हाक मारली तरी बघत नाहीत, बोलत नाहीत, अशा मुलांवर. ऑटिझम हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. आईनं माया केली नाही म्हणून मूल असं होतं, असं तेव्हा शिकलेले डॉक्टरही म्हणायचे. बाईंना ते साफ नामंजूर. "मुळं मेंदूत शोधा," म्हणायच्या, "आईला कशाला बोल लावता?"

दर गुरुवारी मी एस.टी.नं देवळाली प्रवरेला जायची. तिथला पाच वर्षांचा एक मुलगा दिवसभर पितळी ताटली जमिनीवर गरगर फिरवत बसे. आईनं दर मिनिटाला हाक मारायची. त्यानं पाहिलं तर मी कागदावर आखलेल्या चौकोनी घरात टिंब भरायचं, नाही तर घर रिकामं.

बहात्तरचा दुष्काळ. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, गुरुवारी तेवढी अर्धा दिवस घरी. तिची सासू मला ऐकू जाईल असं बोलायची, "आई खडीवर. पोराकडं बघाया येळ कुठाय? मंग आसंच व्हनार."

आईला अक्षर येत नव्हतं, टिंबं मोजता यायची. "ताई, आज किती?"

"दोन."

ती चुलीकडे वळायची. एका गुरुवारी जास्तीची टिंबं भरून मी म्हटलं, "पाच." ती हसली. सासूही त्या दिवशी गप्प राहिली. मग माझा हात आवरेना. पाचाची नऊ झाली.

बाईंनी कागद टेबलावर ओळीनं मांडले. "अहो, हा मुलगा सुधारतोय!" मुंबईत मोठ्या डॉक्टरांपुढे त्या निबंध वाचणार होत्या, त्यात हेही घातलं. दोन दिवस मी त्यांच्या खोलीकडे फिरकले नाही. सांगितलं तर नोकरी जाणार, आणि कोकणात कुठल्या तोंडानं परतू? नाही सांगितलं तर बाई तिथं उभ्या राहून माझं खोटं वाचणार. तिसऱ्या दिवशी दारातच उभी राहून सांगून टाकलं.

त्यांनी कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मग, "कोणते कागद?"

मी अकरा वेगळे काढले. प्रत्येकावर त्यांनी 'रद्द' लिहिलं.

"मला काढणार ना?"

"काढलं तर खरे कोणते, खोटे कोणते हे मला कोण सांगणार? बसा."

बाईंनी लगेच मुंबईला पत्र लिहायला घेतलं. काय लिहिलंत, मी विचारलं. "निबंध वाचत नाही म्हणून. नोंदी घ्यायला मी नीट शिकवलं नाही, असंही." दोन वर्षं खपल्या होत्या त्या निबंधासाठी! पत्र चिकटवताना म्हणाल्या, "रिकाम्या घराला घाबरू नका. तो काय करतो ते लिहा. काय करायला हवं होतं, ते नको."

पुढच्या गुरुवारी आधी आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच हुतं, ताई. माझ्याकडं कुठं बघत हुता त्यो."

त्या दिवशी पोरानं एकदाही मान वर केली नाही. पण आई पाण्याला बाहेर गेली आणि ताटली आडवी पडली. तिच्या बांगड्या दारात वाजल्या, तशी पुन्हा फिरू लागली. तीनदा असं झालं. कागदावर त्याला घर नव्हतं. मी मागच्या बाजूला वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं.

बाईंनी ते उभ्यानंच दोनदा वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या एस.टी.नं माझ्याबरोबर येऊन आईला खडीवर जाण्याआधी थांबवलं. आईला आत-बाहेर करायला लावलं; ती बाहेर गेली की दर वेळी ताटली थांबली. मग मला. माझ्यासाठी ताटली थांबली नाही. मग सासूला.

"माज्यासाठी बी थांबंना व्हय मेला!" सासू दारातून ओरडली.

बाई हसल्या, आणि आईला म्हणाल्या, "तुम्ही गेलात की त्याला कळतं. फक्त तो तोंडाकडे बघत नाही."

आईनं पदर तोंडाला लावला. बाईंनी तिथंच, मांडीवर कागद धरून, नवा रकाना आखला.

आता बाई वयामुळे काम सोडून दूर राहायला गेल्यात. ही मुलं मोठी होऊन काय करतात, हे त्यांना पाहायचं होतं. ते राहून गेलं. मी अजून त्या मुलांच्या घरी जाते. माझ्या डोळ्यांनी पाहीन तेवढंच लिहीन, आणि एक दिवस ती वही त्यांच्या हातात नेऊन देईन.