फळ्याची डावी बाजू

“वाईट दिस म्हणून नसतोय, सर. हुडकायचं. गावतंय कायतरी,” असं म्हणत आप्पा ओल्या फडक्यानं फळा पुसायचे आणि खडूचं टोक भिंतीवर घासून बारीक करायचे.

वडगावात आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या भिंतीवर हा फळा. डाव्या बाजूला दिनविशेष, उजव्या बाजूला कोण वारलं आणि रक्षाविसर्जन किती वाजता. दोन्ही बाजू आप्पाच लिहायचे. दिवसभर यंत्रमाग चालवणाऱ्या या माणसाचं अक्षर इतकं देखणं, की आम्हा शिक्षकांना लाज वाटावी.

त्यांची एक खोड तुम्हालाही आवडली नसती. मयताच्या घरी जाऊन ते सांगायचे, आजच्याच तारखेला अमुक शास्त्रज्ञ जन्मला, तमुक देश स्वतंत्र झाला. एका घरातून त्यांना चक्क बाहेर काढलं होतं.

“आप्पा, असल्या वेळी कुणाचे वाढदिवस कसले सांगताय?” मी एकदा टोकलं.

“तारीख वरसाला परत येतीया, सर. तिच्यात दुसरं कायतरी असाय पायजे.”

मग त्यांचा एकुलता मुलगा मागावर करंट बसून गेला. उजव्या बाजूला त्याचं नाव आप्पांनीच लिहिलं. लोक नको म्हणत होते. अक्षर नेहमीइतकंच सुबक आलं, याचा मला अजून राग येतो.

त्या मागाची वायर आप्पांनी स्वतः जोडली होती. आक्का, म्हणजे त्यांची बायको, तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नव्हती. पण मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या कामावर जाताना ती फळा मात्र रोज वाचायची.

मुलाला जाऊन वर्ष व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी आप्पा माझ्याकडे आले. त्यांच्या दिनविशेषांच्या वहीत त्या तारखेला नुसत्या लढाया होत्या.

“मोबाइलात बघा की. आक्कासाठी पायजे. लई चांगलं कायतरी.”

मी एकेक वाचत गेलो. ते मान हलवत राहिले. आणि विचार न करता मी मोठ्यानं वाचलं, की याच तारखेला डॉक्टरांनी एकाचं थांबलेलं हृदय विजेचा धक्का देऊन पुन्हा चालू केलं.

“करंट देऊन?”

“हो.”

“जगला?”

“जगला.”

त्यांनी वही मिटून काखेत धरली. मग म्हणाले, “हे न्हाय लिवत. तिला वाचाय येतंय.”

दुसऱ्या दिवशी डावी बाजू कोरी राहिली. दोन महिन्यांत आप्पाही गेले.

आता दिनविशेष कुणीही मोबाइलवरून उतरवतं. मुलाच्या तारखेला मी सकाळी लवकर जाऊन फळा बघून येतो, ती ओळ असलीच तर आक्का यायच्या आत पुसायला. गेल्या वर्षी मला उशीर झाला. पोचलो तेव्हा ते हृदय फळ्यावर होतं आणि आक्का समोर उभी होती, एकेका शब्दाखाली बोट सरकवत.

“सर, हे ह्यांस्नी ठाऊक होतं काय?”

मी हो म्हणालो.

“आणि लिवलं न्हाय,” ती म्हणाली. त्या दिवशी ती कामावर गेली नाही. तिथंच वाचनालयाच्या पायरीवर बसून राहिली.