स्वेटरचं वजन

मुलांच्या वॉर्डात तिला सगळे वजनमावशी म्हणत. वीस वर्षं एकच काम: तान्ह्यांना उघडं करायचं, काट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा. काटा नावापुरता. मूल उचललं की आकडा तिच्या कोपराला कळे. काटा मागाहून मान डोलवी.

थंडीही तिला कोपरातच कळे. हवा कोरडी पडली, ओठ फुटू लागले, की पोरं हलकी यायला लागत. आधी उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब. एरवी एखाददुसरं, थंडीत रांगच. डॉक्टर त्याला विषाणूचा हंगाम म्हणत. तिला वाटे, कुणीतरी अलगद पावलांनी घरोघर फिरतंय आणि झोपलेल्या बाळांतलं पाणी ओंजळीओंजळीने नेतंय.

त्या रविवारी ती घरी होती.

"आई, ही सकाळपासून दोनदा ओकली. चारदा पातळ झालं," सून म्हणाली. "मलूल वाटतेय हो."

वजनमावशीने दहा महिन्यांच्या नातीला उचललं. "चांगली भरलीय की! दात येत असतील."

सून ओकीचं दुपटं धुवायला घेऊन गेली. वीस वर्षांच्या कोपरापुढे कोण बोलणार?

नातीला मांडीवर घेऊन ती उन्हात बसली आणि तिचा डोळा लागला. वॉर्डातली सगळी बाळं काट्यावरून म्हातारीच्या कापसासारखी वर तरंगत चालली होती. एकच खाली राहिलं होतं. त्याच्या अंगात पिवळा स्वेटर होता.

ती दचकून जागी झाली. वॉर्डात तिने एकही मूल स्वेटरसकट तोललं नव्हतं. बोटं बटणांवर धावली. पिवळा स्वेटर, त्याखाली दुसरा, दोन झबली, पायमोजे, सगळी लोकर हौसेने स्वतःच विणलेली. लोकर उतरली आणि हातात राहिली ती ओंजळभर पोर, खोल गेलेल्या डोळ्यांची.

"शू कधी केली होती?"

"पहाटे. मी तेच सांगत होते, आई."

"सांगत होतीस खरी. रिक्षा बोलाव."

वॉर्डात दुसऱ्या मावशीने वजन घेतलं. गेल्या आठवड्यापेक्षा अर्धा किलो कमी. मग सासू-सून बाकावर बसल्या आणि ओआरएस पाजू लागल्या: एक चमचा, थांबायचं, पुन्हा एक. खिडकीतलं ऊन बाकावरून जमिनीवर उतरलं, जमिनीवरून दारापर्यंत गेलं. नातीने एक चमचा थुंकला, पुढचे गिळले.

संध्याकाळी लंगोट शूने ओला झाला.

वजनमावशीने तो सोडवला आणि सवयीने तोलायला हात उचलला. मग लंगोट सुनेपुढे धरला.

"तूच सांग."

सुनेने दोन्ही हातांनी घेतला. "जड आहे, आई."