डेअरी छावणीत गेली तेव्हा

त्या दुष्काळात आमच्या गावची जनावरं चारा छावणीत गेली आणि त्यांच्यामागं माणसंही गेली. छावणी चौसाळ्याच्या अलीकडं, गावापासून चांगली दोन कोसांवर. दूध संस्था मात्र गावातच! बाया छावणीत म्हशींच्या धारा काढायच्या आणि किटल्या घेऊन उन्हातान्हात गावात यायच्या. का, तर दूध घालायचं ते गावच्या संस्थेतच, असा रिवाज. पोचेपर्यंत निम्मं दूध नासलेलं असायचं. मग शिव्या कुणाला? म्हशीला!

मी त्या संस्थेची सेक्रेटरी. मशीनवर दुधाची फॅट मोजायची, कॅन भरायचे, टँकर आला की मोजून द्यायचे. चेअरमन माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. या दुधापायी मला सकाळ-संध्याकाळ घराबाहेर पडायला मिळायचं, नाहीतर मी आणि चूल. म्हणून टँकरवाल्यानं जेव्हा सुनावलं, "आता एकदा जरी नासकं दूध निघालं तर या गावाचा फेरा बंद, वरून हुकूम हाय," तेव्हा मला आधी आठवली ती चूल. टँकर बंद म्हणजे संस्था बंद, आणि मी परत उंबऱ्याच्या आत.

त्याच आठवड्यात अंबाजोगाईचे एक प्राध्यापक सहकारी संस्थांना शिकवायला आले. मोठ्या कंपन्या म्हणे मधूनमधून स्वतःलाच विचारतात, आपल्याला नेमकं काय चांगलं जमतं? तेवढं घट्ट धरतात आणि बाकीचं खुशाल बदलतात, म्हणून टिकतात. मग त्यांनी आमच्या संचालकांना विचारलं, "तुमची मूळ ताकद कोणती?"

"इमारत!" मामा म्हणाले. "स्लॅबची हाय. आजूबाजूला दुसऱ्या कुणाची न्हाई."

एक संचालक म्हणाला, शटर. दुसरा म्हणाला, पंखा. मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला, तरी खिक् करून आवाज आलाच.

मामा वळले. "काय झालं गं हसायला?"

सासऱ्यासमोर, चारचौघांत बोलायची माझी काय बिशाद! पण हसता हसता तोंडातून निसटलंच, "मामा, इमारतीची काय धार निघती का?"

खोलीभर हशा पिकला. मामा तेवढे हसले नाहीत. पण आता बोललेच होते, तर मी पुढंही बोलले. आपल्याला जमतं ते दूध पारखणं आणि खरं माप देणं. त्याला मशीन लागतं, कॅन लागतात, आणि मी. हे सगळं उचलून छावणीत नेऊ. टँकर तसाबी त्याच रस्त्यानं येतो.

"संस्था गावाची हाय. कशाला न्यायची तिकडं?"

"गावच तिकडं गेलंय की, मामा."

त्यांनी टोपी घातली आणि बाहेर जाऊन मोटारसायकलला किक मारली. मी त्यालाच होकार धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर निघाला. मशीन गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर, मागं रिकाम्या कॅनांचा खडखडाट आणि बायांचा त्याहून मोठा कालवा. प्रत्येक खड्ड्याला मी मशीनला छातीशी धरत होते आणि वेड्यासारखी हसत होते. अगं बाई, काय तो आनंद! छावणीत लिंबाखाली टेबल मांडलं, ट्रॅक्टरच्या बॅटरीला मशीन जोडलं. धारा निघाल्या तशी रांग लागली, बघता बघता परगावच्या बायाही किटल्या घेऊन उभ्या. "आमचं बी घ्या की ओ ताई!" घेतलं. कुणाला विचारलं नाही.

तेवढ्यात मामा मोटारसायकलवर आले आणि एका बाजूला उभे राहिले. माझं हसू जागच्या जागी आटलं. पाठोपाठ टँकर आला. टँकरवाल्यानं एकेका कॅनचं झाकण उघडलं, वास घेतला, बोट बुडवून चाटलं.

"गोड हाय," तो म्हणाला. "चेअरमन, उद्यापासून गावात येऊ का हितंच?"

मामांनी रांगेकडं बघितलं. मग माझ्याकडं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला "अगं" आणि "ऐकलं का" याशिवाय कधी हाक मारली नव्हती.

"मला कशाला इचारतो रे?" ते म्हणाले. "सेक्रेटरीबाईला इचार."

"हितंच या!" मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.