खाकीचं माप

रस्त्यानं खाकी वर्दी गेली की थूल मास्टरांचा पाय पायडलवरून आपोआप उचलला जायचा. मशीन थांबायची. वर्दी पुढच्या पानठेल्यापर्यंत पोचली की पाय परत खाली आणि खटखट पुन्हा सुरू. समोरचा चहावाला यावरून त्यांची फार थट्टा करी. मास्टर चष्म्याच्या वरून बघत म्हणत, "सलाम नाई ठोकून राह्यलो बे. शिलाई पाहून राह्यलो. मानूस चालल्याबिगर पँटची बसक समजत नाई." हे अर्धंच खरं होतं. उरलेला अर्धा सलामच होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

आमचं गाव देवळीहून फार लांब नाही. एका रस्त्याची बाजारपेठ. तिच्या एका टोकाला माझी शाळा, दुसऱ्या टोकाला पोलीस ठाणं आणि मधोमध पुंडलिक थुलांचं पत्र्याच्या शेडमधलं शिलाईचं दुकान. लग्नाचे सूट शिवणारे शिंपी गावात दुसरे होते. मास्टर शिवायचे ती खाकी. ठाण्यात बदलून आलेला शिपाई आधी साहेबांपुढे हजर होई आणि मग मास्टरांपुढे. खाकीला ते सगळीकडे दुहेरी टाके घालत. मी एकदा विचारलं, एवढी मेहनत कशाला? "खाकी फाटली त लोकायनं कोनाकडं पाहाचं, सर?" ते म्हणाले. हे वाक्य मी नंतर त्यांच्या तोंडून पन्नासदा तरी ऐकलं असेल.

मी शाळेत मराठी शिकवायला आलो तेव्हा शर्ट शिवायला त्यांच्याकडेच गेलो. टेप गळ्यातच राहिला. त्यांनी मला नुसतं वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "सर, तुमचा उजवा खांदा अर्धा इंच झुकते." मला ते आवडलं नाही. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. "वाईट नोका वाटून घेऊ. लिवनाऱ्याचा झुकतेच. मी कापड तसंच धरतो. कोनाले दिसनार नाई." आणि खरंच, पुढे वीस वर्षं माझा झुकलेला खांदा त्यांनी कुणाला दिसू दिला नाही.

त्यांच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांब वही होती. दर गिऱ्हाइकाला एक पान. माणूस सुटला, आटला, म्हातारा झाला तरी जुनं माप ते खोडत नसत. खाली नवं लिहीत, पुढे तारीख टाकत. "माप खोडाचं नसते. मानूस बदलला त बदलला, त्याचं आधीचं काही खोटं होत नाई न."

त्या वहीत ढोबळेचं पान होतं. ढोबळे शिपाई म्हणून आला तेव्हा कंबर अठ्ठावीस आणि गळ्याचं हाड वर आलेलं. त्याची पहिली वर्दी अंगावर अशी लोंबत होती की परेडला साहेब हसले असते. मास्टरांनी ती एका बैठकीत उसवून पुन्हा शिवली. तेव्हापासून तो त्यांना काका म्हणू लागला. दुपारचा डबा दुकानात येऊन खायचा, मास्टरांच्या घरून आलेल्या वांग्याच्या भाजीत हक्कानं भाकर बुडवायचा. त्याला हवालदाराच्या फिती लागल्या तेव्हा त्या बाहीवर मास्टरांनीच शिवल्या आणि वर साऱ्या पोलीस लाइनीला चहा पाजला. स्वतःचा पोरगा पास झाल्यासारखे ते दिवसभर हसत होते. त्यांना पोरगा नव्हता, एक मुलगी होती, ती हिंगणघाटला दिलेली.

गावात चोऱ्या वाढल्या तेव्हा लोक ठाण्याला शिव्या देऊ लागले. देणारच. बाजारात मोबाइल जाई, गोठ्यातून बकऱ्या जात, विहिरीवरच्या मोटारीची वायर कापून नेत. ठाण्यात गेलेला माणूस परत येई तो हातात शिक्का मारलेला एक कागद घेऊन, आणि त्यावर लिहिलेलं असे, "गहाळ." मोबाइल गहाळ, ते ठीक. पण वायर? एका म्हाताऱ्या बाईच्या तीन बकऱ्या गहाळ झाल्या तेव्हा चहावाला म्हणाला, "आपल्या गावात चोर नाईच. लोकायलेच वस्तू सांभायता येत नाई." सगळे हसले. मास्टर हसले नाहीत. त्या बाईला त्यांनी बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं, "बाई, पुन्हा जा. ढोबळे हवालदाराले भेटजा, माह्यं नाव सांगजा. थे आपलेच लोक हायेत." बाई पुन्हा गेली. बकऱ्या गहाळच राहिल्या. मास्टर म्हणाले, त्यायले काम जादा हाय.

मग एके सकाळी मास्टर दुकान उघडायला गेले तर कुलूप तोडलेलं. वरची मशीन काढून नेली होती, खालचं टेबल आणि पायडल तेवढं जागेवर. माझ्या शाळेच्या वाटेवरच दुकान. मी पोचलो तेव्हा ते रोजच्या जागी बसले होते, पाय पायडलवर, समोर टेबलाला मोठं भोक. तुटलेलं कुलूप रुमालात बांधून ते उठले. "चला सर. अर्ज लिवाले कोनी पाह्यजे." मी गेलो. त्यांच्या चालण्यात काळजी अशी नव्हतीच. आपल्या घरी कागद न्यायला निघाल्यासारखे ते निघाले होते.

ठाण्यात ढोबळेनं खुर्ची दिली, चहा मागवला. कुलूप हातात घेऊन पाहिलं. "जुनं होतं, काका. जंग लागला असन." मग माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "लिवा सर. तुमचं अक्षर झकास हाय." मी सुरुवात केली, 'दुकानाचे कुलूप तोडून शिलाई मशीन चोरून नेली.' त्यानं वाकून वाचलं आणि कागद अलगद काढून घेतला. "असं नोका लिवू. चोरी म्हटलं का गुन्हा दाखल, पंचनामा, तारखा. काकायच्या चकरा होतीन. साहेबाची मीटिंग हाय, नवा गुन्हा पाह्यला का आमच्यावर भडकते. 'गहाळ झाली' लिवा. शिक्का आत्ता मारतो. शोधतो त मीच न!"

मी वर्गात व्याकरणातले प्रयोग शिकवतो. 'चोराने मशीन चोरली' यात चोर आहे. 'मशीन चोरली गेली' यात तो निदान दाराआड उभा आहे. 'मशीन गहाळ झाली' यात तो नाहीच. मशीन आपणहून उठून गेली. वाक्यातून चोर काढून टाकायची याहून सोपी युक्ती आपल्या भाषेत नाही, आणि हे मला त्या टेबलावर, हातात पेन असताना कळत होतं. पण पहिला तास माझा होता आणि घड्याळात अकराला दहा कमी होते. शिवाय हवालदाराशी कोण वाद घालणार? मी मास्टरांना म्हणालो, "काय फरक पडतो, मास्टर? शोधणार तर हेच." ही माझी वाक्यं. ढोबळेच्या माथी मी ती मारणार नाही.

मास्टरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "ढोबळे म्हन्ते, तुमी म्हन्ता, त बराबरच असन." मी खाली वाकून सुंदर अक्षरात लिहिलं, वर तारीख टाकली. त्यांनी न वाचता सही केली. शिक्क्याची एक प्रत त्यांना मिळाली, एक झेरॉक्स माझ्याकडे राहिली.

दोन महिने काहीच झालं नाही. ढोबळे रस्त्यानं जाताना हात करायचा, "चालू हाय, काका." शेवटी मास्टर जुनी मशीन पाहायला निघाले. सेलूला एक मिस्त्री दुरुस्त केलेल्या मशीन विकतो असं कळलं, म्हणून आम्ही दोघं रविवारी बसनं गेलो. दुकानात ओळीनं पाच-सहा मशीन मांडलेल्या. मास्टरांनी तिसऱ्या मशीनच्या पत्र्यावर अंगठा फिरवला आणि तो तिथेच थांबला. खाकीच्या दुहेरी टाक्यासाठी त्यांनी कानशीनं ओढलेली रेघ तिथे होती. पिशवीतून वही काढली. पहिल्या पानावर मशीनचा नंबर. तोच.

मिस्त्री वाईट माणूस नव्हता. "काका, मी त इकत घेतली हाय. पन पोलिसाचा कागद आना, अशीच उचलून नेजा." मास्टरांचा चेहरा उजळला. कागद तर होताच आणि लिहून देणारा घरचा होता. मी तिथूनच ढोबळेला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, मी कोन्या कलमात जप्त करू? चोरी दाखलच नाई. गहाळ हाय. अक्षर तुमचंच हाय न?"

विकत घ्या, असं मी म्हणून पाहिलं. मास्टर भडकले. वीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच भडकलेलं पाहिलं. "आपलीच मशीन इकत घेऊ? मंग चोर कोन झाला, सर?"

साहेबांकडे आम्ही तीनदा गेलो. साहेब नवे, बाहेरच्या जिल्ह्यातले. तिसऱ्या वेळी त्यांनी अर्ज समोर धरला. "आधी गहाळ म्हणता, आता चोरी म्हणता. खोटी माहिती दिली म्हणून तुमच्यावरच कारवाई होऊ शकते, आजोबा." ढोबळे दाराशी उभा होता. मास्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. तो सांगेल, मीच तसं लिहायला लावलं, याची ते वाट पाहत होते. मीही पाहत होतो, कारण तो बोलला असता तर मला बोलावं लागलं नसतं. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिला. मी माझ्या चपला पाहत राहिलो.

बाहेर आल्यावर मास्टर एवढंच म्हणाले, "त्याच्या डाव्या खांद्याची शिलाई उसवली, सर. दिसली का?"

मिस्त्रीनं चार आठवडे वाट पाहिली आणि मशीन तळेगावकडच्या कुणाला तरी विकून टाकली. मास्टरांनी वर्ध्याहून दुसरी आणली. खटखट पुन्हा सुरू झाली. रस्त्यानं वर्दी जाई, पण मशीन थांबत नसे. चहावाल्याच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. त्यानं थट्टा केली नाही.

पुढे ढोबळेला बढती मिळाली, खांद्यावर चांदणी आली. नवं कापड घेऊन तो दुकानात आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. "काका, वर्दी शिवाची हाय. माप त हायच तुमच्याजवळ."

मशीन चालूच ठेवून मास्टर म्हणाले, "गहाळ झालं."

तो हसला. मग हसू तसंच अर्धं राहिलं. "असं कसं, काका?"

"वही जुनी होती न. झालं गहाळ. तसं लिवून पाह्यजे असन त सर देतीन लिवून. अक्षर झकास हाय त्यायचं."

वही त्यांच्या कोपराखालीच होती. ढोबळे कापड घेऊन गेला. मीही थोड्या वेळानं उठलो. मास्टरांनी बसा म्हटलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ते दुकान बंद करून मुलीकडे हिंगणघाटला गेले. जाताना मला सांगितलं नाही. गेल्या उन्हाळ्यात तिथेच वारले. दुकान रिकामं करायला मुलगी आली होती. तिनं ती लाल वही माझ्या हातात दिली. "बाबा म्हणाले होते, सरांना दे."

मी आधी ढोबळेचं पान काढलं. अठ्ठावीसपासूनची सगळी मापं जागेवर होती. सगळ्यात खाली एक नवी ओळ होती, कंबर एकेचाळीस, 'नजरेनं', आणि तो कापड घेऊन आला त्या दिवसाची तारीख. त्याला नकार देऊन, तो गेल्यावर त्यांनी त्याचं माप नीट लिहून ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिथे.

मग माझं पान. उजवा खांदा अर्धा इंच, ही पहिल्या शर्टाच्या वेळची नोंद. तिच्याखाली त्यांच्या तिरप्या अक्षरात आणखी एकच होती, 'उजवा खांदा पाऊण इंच.' तिच्यापुढे टाकलेली तारीख मला ओळखीची वाटली. घरी येऊन अर्जाची झेरॉक्स काढून पाहिली. तीच होती. त्या दिवशी मी त्यांना माप द्यायला गेलो नव्हतो. ठाण्याच्या टेबलावर वाकून लिहीत होतो.